दोन भिंगऱ्यांचं हेलिकॉप्टर

४ जानेवारी, मंगळवार

ताई नाही म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावलं. एक झडप निकामी होत आली आहे, ती बदलायला हवी. हे काम करणारे सर्जन दूरच्या शहरात आहेत. त्यांनी दोन फेब्रुवारी ही तारीख दिली आहे. ती चुकली तर ते पुढची देतील, पण ती तारीख घ्यायला ताई असेल की नाही हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. रस्त्याने वीस तास, ते तिला झेपणार नाहीत. विमानाने दीड तास, बरोबर कोणीतरी हवं. ताईने सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, "चित्र छान काढता हो तुम्ही. पण मी विमानात बसत नाही."

पंचाहत्तर वर्षांची, तीस वर्षं मुख्याध्यापिका असलेली बाई. तिला उचलून कोण विमानात घालणार?

परत येताना टॅक्सीत मला एकदम सुचलं. अरे, ताई तर विमानाच्याही वरची पायरी चढून आलेली आहे! बारा वर्षांची असताना ती हेलिकॉप्टरमधून गेली होती. आमच्या गावाचा रस्ता दरड कोसळून बंद, तिचं अपेंडिक्स फुटलेलं, आणि औषधं घेऊन आलेलं हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात उतरलेलं. ते तिला घेऊन गेलं. मी तेव्हा नऊ वर्षांचा. खरं तर मीही बरोबर जाणार होतो, पण चप्पल घालायला म्हणून गेलो आणि तेवढ्यात ते उडालं. अशी संधी चपलेपायी हुकली. असो. त्याच दिवशी मी माझी पहिली कविता केली. शाळेच्या हस्तलिखितात ती पहिल्या पानावर आली होती. मुख्याध्यापकांचा संदेश दुसऱ्या पानावर होता, यावरून तिचा दर्जा कळावा.

तर बेत असा. त्या हेलिकॉप्टरची छोटी प्रतिकृती करायची, मोटर लावून, पंखे गरगर फिरणारी. ताईच्या समोर उडवायची. ते पाहिलं की तिला आपलं बारा वर्षांचं धाडस आठवेल आणि विमानाची भीती जाईल.

घरी आल्यावर हिला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "आणि वन्संबरोबर विमानात कोण जाणार?"

म्हटलं, ते नंतर बघू. आधी काम.

६ जानेवारी

नकाशा काढला. पाणीपुरवठा खात्यात चाळीस वर्षं नकाशे काढण्याचीच नोकरी केली. माझ्या नकाशांवरून लोकांनी खड्डे खणले आणि पाइप हमखास तीन फूट डावीकडे निघाले. पण शाईची रेघ मात्र अशी, की साहेब लोक नकाशा खिडकीशी नेऊन बघायचे.

अडचण एकच. त्या हेलिकॉप्टरचा फोटो नाही. पण कविता आहे, आणि ती मला तोंडपाठ आहे:

दोन भिंगऱ्या डोईवरती गरगर गरगर फिरती,
घेउन गेले यान ताइला ढगांपलिकडे वरती.
हात हलवुनी निरोप दिधला आम्ही अंगणातुन,
ताई हसली, ताई दिसली, खिडकीच्या काचेतुन.

'दिधला' हा शब्द मी नवव्या वर्षी वापरला होता, याचा मला अजूनही थोडा अभिमान आहे. तर भिंगऱ्या दोन. पुढे एक, मागे एक. कवितेत पुरावा आहे म्हटल्यावर फोटो कशाला हवा. खऱ्याच्या विसाव्या भागाएवढं करायचं ठरवलं. अंग हलक्या लाकडाच्या पातळ पट्ट्यांचं, त्यावर कागद. खिडक्यांना औषधाच्या गोळ्यांची पारदर्शक पाकिटं कापून लावणार. ती आमच्या घरात मुबलक आहेत.

९ जानेवारी, रविवार

मोटरींसाठी कोपऱ्यावरच्या मिक्सरवाल्याकडे गेलो. मिक्सर, पंखे, पंप, काय वाटेल ते दुरुस्त करतो. कमी बोलतो. जे बोलतो ते स्क्रू पिळल्यासारखं.

"काका, हे खेळणं कोणासाठी?"

"बहिणीसाठी."

"वय?"

"पंचाहत्तर."

त्याने दोन छोट्या मोटरी, बॅटरी आणि वेग कमीजास्त करायचा खटका काढून दिला. म्हणाला, "पाती जोखून घ्या. एक बाजू केसभर जड झाली तरी सगळं थरथरणार."

पाती जोखण्यात दुपार गेली. पद्धत अशी. दोन पेले उलटे ठेवायचे, त्यांवर दाभण आडवं, आणि दाभणावर पंखा. जे पातं खाली झुकेल ते जड. मग हलक्या पात्याच्या टोकाला चिकटपट्टीचा कपटा लावायचा. एक कपटा लावला, ते पातं खाली. अर्धा काढला, दुसरं खाली. कविता लिहितानाही माझं असंच व्हायचं. पहिल्या ओळीत एक शब्द घातला की दुसरी रुसायची. शेवटी संध्याकाळी चार वाजता पंखा आडवा स्थिर राहिला आणि मी इतका खूश झालो की ही स्वयंपाकघरातून बघायला आली. तिला दोन पेले आणि एक दाभण एवढंच दिसलं. पेले घेऊन गेली.

११ जानेवारी

पहिली चाचणी. जेवणाच्या टेबलावर यान ठेवलं, खटका फिरवला. दोन्ही पंखे फिरू लागले. काय तो आवाज! मला शाळेचं मैदान दिसलं, उडणारी धूळ दिसली, डोळे भरून आले. भरलेल्या डोळ्यांना हे दिसलं नाही की पंख्यांबरोबर अख्खं हेलिकॉप्टरही स्वतःभोवती फिरायला लागलं होतं. त्याने आधी चहाचा कप पाडला, मग दुसरा, मग वर्तमानपत्र घेऊन ते टेबलाच्या कडेला गेलं. ही शांतपणे पुढे झाली आणि तिने त्यावर भाजीची टोपली उलटी टाकली.

"उंदीर असाच धरायचा असतो," म्हणाली.

१२ जानेवारी

मिक्सरवाल्याने निदान केलं. "दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरवताय, मग अंग उलटं फिरणारच. एक असा, एक तसा. मागच्या मोटरच्या दोन तारा अदलाबदल करा."

इतकं सोपं. चाळीस वर्षांच्या संसारात हे तत्त्व घरातच दिसत होतं, पण लक्षात कोण घेतो.

१५ जानेवारी, शनिवार

तारा बदलल्या. आता अंग फिरत नाही. पण उडतही नाही. नाक वर करतं आणि शेपटीवर बसून राहतं, दारातल्या कुत्र्यासारखं.

किती उचल मिळते ते कळावं म्हणून स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवलं. मोटरी बंद असताना चारशे दहा ग्रॅम. मोटरी सुरू केल्यावर काटा खाली यायला हवा. खाली येईना. मागचा पंखा एकटा सुरू करून पाहिला, तर पाचशे चाळीस.

ही चष्मा लावून वाकली. "अहो, हे वर जायच्या ऐवजी जड होतंय."

मी म्हटलं काटा बिघडलाय. तिने काट्यावर पावशेर साखर ठेवून काटा बरोबर असल्याचं सिद्ध केलं. अर्धा तास विचार केल्यावर उजेड पडला. मागचा पंखा आता उलटा फिरतो, पण त्याची पाती पुढच्यासारखीच कललेली आहेत. म्हणजे तो हवा वर ढकलतोय आणि स्वतःला खाली दाबतोय. पुढचा उडू बघतोय, मागचा जमिनीला चिकटू बघतोय. मागच्या पात्यांचा कल आरशातल्यासारखा उलटा हवा. परत लाकूड, परत पॉलिशपेपर, परत दाभण. पेले मात्र आता मागून घ्यावे लागतात.

१७ जानेवारी

खालच्या मजल्यावर ताईकडे गेलो. ती दोन उशांना टेकून बसली होती. बोलताना मध्ये थांबते आता. वाक्याच्या मधोमध, जणू पुढचा शब्द जिन्यावर आहे आणि चढून यायचा आहे.

हेलिकॉप्टरचं गुपित फोडलं नाही, पण पार्श्वभूमी तयार करावी म्हणून कविता म्हणून दाखवली. 'हात हलवुनी निरोप दिधला' ला आवाज छान लागला. ताई एकदम उठली, "दूध उतू जाईल," म्हणून आत गेली. बराच वेळ आली नाही. मग मी निघालो.

जिना चढताना आठवलं, दूध टेबलावर होतं, पातेल्यात, थंड. वय झालं बिचारीचं.

आता विचार करता लक्षात येतं की ही कविता तिने कधीच पूर्ण ऐकलेली नाही. लग्नात म्हटली तेव्हा तिला कोणीतरी हाक मारली. तिच्या निवृत्तीच्या समारंभात म्हटली तेव्हा माइक बंद पडला. माइकजवळ तीच बसली होती.

१९ जानेवारी

आज हिने विषय काढलाच. ताईचा मुलगा परदेशातून थेट त्या शहरात पोचणार आहे. प्रश्न फक्त इथून तिथपर्यंतचा. ही जायला तयार होती, गुडघे बांधून. ताई म्हणाली, "तू नको. तुझ्याबरोबर नाही जायचं मला."

"मग कोणाबरोबर जायचंय त्यांना?" हिने मला विचारलं.

"मला काय ठाऊक," मी म्हटलं.

ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही अजून एकदाही विमानात बसला नाहीत."

हे मला माहीत आहे. माझे कान नाजूक आहेत. शिवाय रेल्वेतून देश दिसतो. मुलीच्या बाळंतपणाला सगळे दीड तासात पोचले आणि मी दोन दिवसांनी. नातीने तोवर डोळे उघडले होते, हा माझाच फायदा. शिवाय विमानाच्या खिडक्या उघडत नाहीत. ज्या गोष्टीच्या खिडक्या उघडत नाहीत तिच्यावर माणसाने किती विश्वास ठेवावा?

हेलिकॉप्टरची प्रतिकृती करणारा माणूस विमानात बसत नाही, हे वरवर विचित्र वाटेल. पण समुद्रावर कविता करणारे किती लोक पोहतात?

२१ जानेवारी, शुक्रवार

उडालं.

स्टूल उलटं ठेवून त्याच्या चार पायांना चार दोरे, मध्ये यान. खटका हळूहळू फिरवला. आधी दोरे सैल होते, मग थरथरले, मग ताठ झाले. वीतभर वर. जमिनीला कुठेही न टेकता. ही दारात उभी होती, हातात ओला टॉवेल. टॉवेलचं पाणी फरशीवर पडत होतं आणि तिला कळत नव्हतं. मला म्हणाली, "खरंच उडतंय की." तिच्या तोंडून माझ्याबद्दल इतका आश्चर्याचा सूर मी लग्नानंतर प्रथमच ऐकला.

उद्या ताईकडे.

२२ जानेवारी

आज लिहवत नाही.

२३ जानेवारी, रविवार

लिहायला हवं. हिनेच वही आणून समोर ठेवली.

काल चार वाजता सगळं सामान घेऊन ताईच्या खोलीत गेलो. स्टूल मांडलं, दोरे बांधले. बॅटरी चार मिनिटं चालते, म्हणून छोटंसं भाषण आधी उरकलं. ताई पलंगावर, ही खुर्चीत. खटका फिरवला. यान वर आलं, वीतभर, मग दोन विती. पडदे हलले. पलंगावरचे औषधांचे कागद उडाले. इतकं देखणं ते माझ्या घरीही उडालं नव्हतं.

ताई बघत होती. आवाज थांबल्यावर म्हणाली, "दोन कशाला लावलेस?"

"दोनच होत्या ना."

"एक होता. डोक्यावर एक मोठा पंखा. मी त्याच्याखाली पडून होते, मला मोजायला भरपूर वेळ मिळाला."

मी म्हटलं, कवितेत तर दोन आहेत. म्हणताना मला स्वतःलाच आठवलं. एक भिंगरी 'फिरते' झाली असती, आणि मला 'वरती'शी यमक हवं होतं. यमकासाठी मी एका हेलिकॉप्टरला दुसरा पंखा बसवला, आणि त्रेसष्ट वर्षांनी त्या पंख्याची पाती तीन दिवस पॉलिशपेपरने घासली.

मी हसलो. ही पण हसली. ताई हसली नाही.

"खिडकीला काच नव्हती," ती म्हणाली. "दारच नव्हतं त्या बाजूला. मला पट्ट्यांनी बांधलं होतं. आणि मी हसले नव्हते."

मग ती श्वासासाठी थांबत थांबत, पण एकेक गोष्ट क्रमाने, शाळेत इतिहास शिकवावा तशी सांगत गेली. बाबा दरडीच्या पलीकडे अडकलेले. आईला नववा महिना. वैमानिक म्हणाला, बरोबर एकाला घेतो, पण हलकं माणूस हवं. ताई म्हणाली, माझा भाऊ येईल. मी पुढे झालो. आणि म्हणालो, चप्पल घालून येतो.

"पंधरा मिनिटं थांबला तो. पंखा फिरत होता. आई पोट धरून शाळाभर तुला हाका मारत होती. शेवटी वैमानिकाने घड्याळ दाखवलं आणि आईने मान हलवली."

मी म्हटलं, "ताई, मी चप्पलच शोधत..."

"छोट्या," ती म्हणाली, "तुझ्या पायात चप्पल होती."

ही उठून खिडकीशी गेली. पाठमोरी उभी राहिली.

"एकोणीस दिवस होते मी त्या दवाखान्यात. शेजारच्या खाटेवरची बाई विचारायची, तुझं कोणी नाही का गं. परत आले तर तू अंगणात कविता म्हणत होतास. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या."

मी सामान उचललं. चार दोरे सोडायला फार वेळ लागला. गाठी मीच मारल्या होत्या.

२४ जानेवारी

आता सगळं स्वच्छ आठवतंय. आठवतंय म्हणजे, विसरलो कधी नव्हतोच. त्याच्यावर कविता ठेवली होती, एवढंच.

सातवीच्या वर्गात भिंतीवर जगाचा मोठा कापडी नकाशा होता. मी त्याच्यामागे उभा होतो. रोगणाचा वास, आणि कापड माझ्या श्वासाने हलू नये म्हणून मी तोंडावर हात धरलेला. आईच्या हाका एकदा दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या. पंख्याचा आवाज वाढला तेव्हा मी मनात शब्द जुळवायला लागलो, म्हणजे आवाज ऐकू येऊ नये. गरगर गरगर तिथेच सुचलं. कवितेतली तेवढीच एक ओळ आहे जी मी प्रत्यक्ष ऐकून लिहिली.

पुढे चाळीस वर्षं नकाशांतच नोकरी केली. हा योगायोग आहे अशी माझी परवापर्यंत समजूत होती.

२५ जानेवारी

उपाय सापडला. चूक दुरुस्त करायची. मागचा पंखा काढून टाकायचा, डोक्यावर एकच मोठा बसवायचा. मिक्सरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, एकच असेल तर शेपटीला छोटा उभा पंखा हवा, नाहीतर परत गरगर. म्हणजे शेपूट नवीन, मोटर नवीन. डावीकडचं दार काढायचं. खिडक्यांच्या काचा काढायच्या. पाच दिवस लागतील. सकाळी सातला बसलो, अकरापर्यंत शेपूट कापून झाली.

ही चहा घेऊन आली आणि टेबलाशी उभी राहिली. "काय करताय?"

"खरं हेलिकॉप्टर. एका पंख्याचं. ताईला दाखवलं की..."

"दोन तारखेला तिथे असायचं तर रविवारचं विमान गाठायला हवं. आज मंगळवार."

"म्हणूनच तर घाई आहे."

तिने चहा ठेवला. माझ्या हातातला पॉलिशपेपर काढून घेतला, घडी केली आणि आपल्या पदरात खोचला. आवाज न चढवता म्हणाली, "अहो, वन्सं माणसाची वाट बघतायत. तुम्ही परत कशाच्या तरी मागे जाऊन उभे राहिलात."

मी म्हटलं, माझे कान. ती म्हणाली, "कानांत कापूस घाला."

२६ जानेवारी

खाली गेलो. दार उघडंच होतं. ताई खुर्चीत बसून नातवंडांच्या जुन्या वह्या चाळत होती. वर्षानुवर्षांची सवय, हातात लाल पेन. सही करायला कोणी आणत नाही तरी चुका दुरुस्त करत असते.

"ताई, मी येतो."

"आत्ताच तर आलास."

"तुझ्याबरोबर. रविवारी."

तिने पेनाला टोपण लावलं. "तुला कोणी पाठवलं?"

"हिने," मी म्हटलं. खोटं कशाला बोला, तेवढं आता झालंय भरपूर. "पण जिना मी उतरलो."

"तुझे कान?"

"कापूस."

तिने वहीचं पान उलटलं. मग म्हणाली, "तू विमानतळाच्या दारापर्यंत येशील. तिथे तुला काहीतरी आठवेल."

"कदाचित," मी म्हटलं. "मी भित्रा आहे. पण माझं तिकीट काढ."

"मी नाही म्हटलंय डॉक्टरांना."

"मग हो म्हण."

"आधी तू विमानात बस," ती म्हणाली, "मग मी हो म्हणते."

हे कसं शक्य आहे, तू आत नसशील तर मी आत बसून काय करू, असं मी म्हणणार होतो. पण मुख्याध्यापिकेशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तिने लाल पेनाने वहीच्या कोपऱ्यात माझं पूर्ण नाव लिहिलं, तिकिटासाठी, आणि त्यापुढे जन्मतारीख. तारीख तिला पाठ होती.

२८ जानेवारी, शुक्रवार

काल काही लिहिलं नाही, कारण काल काही झालं नाही. फक्त मी सात वेळा आजारी पडलो. सकाळी पोट, मग कान, मग पाठ, मग नुसतंच. प्रत्येक वेळी हिने कपाळाला हात लावून पाहिला आणि "बरे आहात" म्हणून गेली. सातव्यांदा हात लावला नाही, लांबूनच म्हणाली.

मिक्सरवाल्याला सांगितलं, विमानाने जातोय. तो मान खाली घालून मोटर गुंडाळत होता. म्हणाला, "त्याला दोन इंजिनं असतात काका. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर उतरतं."

याने मला धीर यावा अशी त्याची कल्पना होती. मला आतापर्यंत एखादं बंदही पडतं हे माहीत नव्हतं.

३० जानेवारी, रविवार. विमानतळ

हे गुडघ्यावर वही ठेवून लिहितोय. ही काचेच्या दारापलीकडून परत गेली. जाताना माझ्या पायांकडे बघितलं. नाडीचे बूट आहेत, तिनेच बांधून दिलेत, दुहेरी गाठ.

ताई चाकांच्या खुर्चीत. विमानतळाची एक बाई खुर्ची ढकलत होती, तिने विचारलं, आजी, पहिल्यांदाच? ताई म्हणाली, "माझं दुसऱ्यांदा. ह्याचं पहिल्यांदा."

आता जे झालं तेही लिहितो. तपासणी झाल्यावर मी ताईला म्हटलं, जरा हात धुऊन येतो. म्हणेपर्यंत मला कळलं नाही मी काय म्हणालो. तिने फक्त मान हलवली आणि दुसरीकडे बघायला लागली.

आत जाऊन हात धुतले. परत धुतले. भिंतीवर हात वाळवायचं यंत्र होतं, त्यावरच्या सूचना वाचल्या. एक, हात पुढे धरा. दोन, हात चोळा. तीन, यंत्र आपोआप बंद होईल. परत वाचल्या. बाहेर आमच्या विमानाची घोषणा झाली. चाकांच्या खुर्चीवाल्यांनी आधी यावं, असं म्हणत होते. आणि मी, वय वर्षं बहात्तर, हात कोरडे, पाचव्यांदा त्या यंत्राखाली हात धरून उभा. शब्द जुळवायला लागलो होतो. खरंच. दोन ओळी जवळजवळ झाल्या होत्या.

मग यंत्र आपोआप बंद झालं आणि ते परत सुरू करायची मला लाज वाटली.

बाहेर आलो तर ताई दरवाजाशी होती. खुर्ची ढकलणारी बाई हातातल्या घड्याळाकडे बघत होती आणि ताई तिला सांगत होती, "थांबा हो थोडं. येईल तो."

मी गेलो. तिने पर्स माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "किती जड झालीय ही."

विमानात

बसलो. खिडकीची जागा ताईला, मधली मला. खिडकी उघडत नाही, पाहून घेतलं. काच आहे. कापूस घातलाय, त्यामुळे सूचना देणारी मुलगी मुकाट्याने हातवारे करतेय असं वाटतं. पट्टा आवळायला मला जमेना, तो ताईने आवळला. तिचा स्वतःचा आधीच आवळून झाला होता. डॉक्टरांना तिने आत्ता फोन करून सांगितलं, "मी निघाले." मोटरींचा, नाही, इंजिनांचा आवाज सुरू झालाय. पायाखालची फरशी थरथरतेय. कोणीतरी पाती नीट जोखलेली असोत.

ताई माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. मी एका कानातला कापूस काढला.

"काय लिहितोयस?"

"काही नाही."

"कविता?"

"नाही."

"मग मिट ती वही," ती म्हणाली. "मला भीती वाटतेय. हात दे."

मिटतो.